आहारशास्त्र शिकायचंय? आधी घरातली वाटी मोजा

बारावी झाली, मेडिकलला नंबर लागला नाही किंवा लावायचाच नव्हता, आणि कुणीतरी म्हणालं, "न्यूट्रिशन कर, हल्ली लई चालतंय." सांगली-मिरजेकडची बरीच पोरं या विषयाकडे अशीच वळतात. त्यात वाईट काही नाही. पण 'चालतंय' म्हणून आलेल्यांना पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्री बघून घाम फुटतो. आणि चांगले मार्क घेऊन पास झालेली पोरगी वॉर्डात एखाद्या आज्जीसमोर उभी राहते, तेव्हा 'दोन भाकऱ्या खाते' म्हणजे नक्की किती खाते, हे तिला सांगता येत नाही.

मी मिरजेच्या एका रुग्णालयात आहारविभाग सांभाळते. माझ्याकडे इंटर्न येत असतात, निकालाच्या दिवसांत मुलींना घेऊन आयाही येतात. त्या सगळ्यांना तुकड्यातुकड्यानं जे सांगते ते इथे एका जागी लिहिते. घरी बसून शिकायच्या गोष्टींवर जास्त बोलणार आहे, कारण कॉलेजचं कॉलेज शिकवतंच.

प्रवेशाआधी

पहिलं म्हणजे फूड टेक्नॉलॉजी वेगळं आणि आहारशास्त्र वेगळं. फूड टेक्नॉलॉजीवाला कारखान्यात बेदाण्याचा ओलावा, पॅकिंग, टिकण्याचे दिवस बघतो. आहारशास्त्रवाला तो बेदाणा कुणी खावा, कुणी खाऊ नये, हे बघतो. दोन्हीकडे नोकऱ्या आहेत, पण एकाची डिग्री घेऊन दुसऱ्याची खुर्ची सहसा मिळत नाही. अर्ज भरताना अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव वाचा. 'फूड' हा शब्द दिसला म्हणून फॉर्म भरून मोकळं होऊ नका.

दुसरं, कायद्याचं. २०२१ साली केंद्र सरकारनं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन यांच्याबरोबर आहारतज्ज्ञही त्यात आले. त्या कायद्यात आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांचं, तीन ते सहा वर्षांत पूर्ण होणारं शिक्षण धरलेलं आहे, आणि नोंदणीसाठी राज्य परिषदा आहेत. याचा सरळ अर्थ असा, की तीन महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट भिंतीवर लावायला ठीक, पण त्यावर आहारतज्ज्ञ म्हणून उभं राहता येणार नाही. शिवाय युजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवायला बंदी केली आहे. त्यात न्यूट्रिशन आणि डायटेटिक्स आहे. अजूनही कुणी "घरबसल्या डिग्री करा" म्हणून फोन करत असेल तर फोन ठेवून द्या.

अकरावी-बारावीला विज्ञान घ्या, जीवशास्त्रासह. गृहविज्ञानाच्या काही अभ्यासक्रमांना आर्ट्स-कॉमर्सचीही मुलं घेतात आणि त्यातल्या काही फार पुढे जातात. पण रुग्णालयातच काम करायचं असेल तर रसायन आणि शरीरशास्त्र टळत नाही. ते आधी करून ठेवलेलं बरं.

कॉलेज कुठलं, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि माझं उत्तर सगळ्यात लांबलचक असतं. मुलींसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठ हा महाराष्ट्रातला जुना रस्ता. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं, आणि गृहविज्ञानाची त्यांची परंपरा मोठी. मुलांनी बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ बघावं, तिथला फूड्स अँड न्यूट्रिशन विभाग नावाजलेला आहे. आणि हो, मुलांनीही यावं. पुरुषांच्या वॉर्डात तंबाखूचं-दारूचं खरं उत्तर मिळायला कधीकधी पुरुष डाएटिशियन फार कामाला येतो. पुढे एम.एस्सी. करायची तर हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहे. कुठल्या पदार्थात काय किती असतं याचे जे तक्ते आपण रोज वापरतो ते तिथेच तयार होतात.

पण घरची परिस्थिती बघून जवळच शिकायचं असेल तर लाज वाटून घेऊ नका. सांगली, सातारा, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. शिवाय खाजगी अभिमत विद्यापीठंही आपल्या भागात आहेत. जाहिरात बघून ठरवू नका. कॉलेजात जा आणि चार गोष्टी विचारा. इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात, किती महिने, आणि ती कॉलेज लावून देतं की "तुमचं तुम्ही बघा" म्हणतं? क्लिनिकल विषय शिकवणाऱ्यांनी कधी वॉर्डात काम केलंय का? अभ्यासक्रम नव्या आयोगाच्या आराखड्याप्रमाणे आहे का? आणि प्रयोगशाळेत जाऊन उंची मोजायची पट्टी, स्किनफोल्ड कॅलिपर (कातडीखालची चरबी मोजायचा चिमटा), वजनकाटा चालू आहेत की कपाटात कुलूपबंद, ते डोळ्यांनी बघा. कॅलिपरवर धूळ असेल तर त्या विषयाचं प्रॅक्टिकल कसं होत असेल ते कळलंच.

आपल्याकडे एक सोय आहे जी बऱ्याच जिल्ह्यांत नाही. मिरजेला वॅनलेस साहेबांनी, म्हणजे मिशनरी डॉक्टरांनी, १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासून हे गावच रुग्णालयांचं झालं. चार ठिकाणी जाऊन तिथल्या डाएटिशियनला पाच मिनिटं मागा आणि विचारा, "मॅडम, तुम्ही कुठं शिकलात? आज परत शिकायचं तर तिथंच जाल का?" कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा हे उत्तर जास्त खरं असतं.

काटा विकत घ्या

प्रवेश पक्का झाला की पहिली खरेदी लॅपटॉपची करू नका. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, पाचशेच्या आसपास मिळतो. आणि पाणी मोजायला खुणा असलेलं भांडं.

आता घरातल्या भाकरीपासून सुरुवात करा. आई परातीत एका भाकरीचं पीठ घेते ते मळायच्या आधी काट्यावर ठेवा. आमच्या घरी ज्वारीची भाकरी साधारण ७५ ग्रॅम पिठाची होते. तीच तव्यावरून उतरल्यावर ११० च्या आसपास भरते, कारण त्यात पाणी आलं. आता पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता उघडा. १०० ग्रॅम ज्वारीला १३९८ किलोज्यूल दिसतील. ४.१८४ नं भागा, ३३४ किलोकॅलरी. म्हणजे ७५ ग्रॅम पिठाची भाकरी २५० किलोकॅलरीची. पण पोरं काय करतात, तर भाजलेली भाकरी वजन करतात आणि ११० ला कच्च्या ज्वारीचा आकडा लावतात. येतात ३६७. दिवसाच्या चार भाकऱ्यांत पावणेपाचशे किलोकॅलरीचा फरक पडला! मग "एवढं खाऊन वजन कसं वाढत नाही" म्हणून पेशंटवरच संशय.

तक्त्यातले आकडे कच्च्या पदार्थाचे, १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे असतात, ही एक ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, ही दुसरी. आणि कुठला तक्ता वापरला ते प्रत्येक गणिताखाली लिहायची सवय लावा. जुन्या पुस्तकात बाजरीत लोह ८ मिलिग्रॅम, २०१७ च्या तक्त्यात ६.४. दोन मुलींचं उत्तर जुळत नाही आणि दोघी रडकुंडीला येतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

भाकरी झाली की वाटी. घरात तीन मापांच्या वाट्या निघतील. प्रत्येकीत काठोकाठ नाही, आपण वाढतो तेवढं पाणी घाला आणि ते मोजा. एक १२० मिलिलिटरची निघेल, एक दोनशेची. मग 'एक वाटी आमटी' या वाक्याला अर्थ किती उरला ते बघा.

आमटीची गंमत आणखी आहे. वाटी मोजून डाळ कळत नाही, कारण कुणाची आमटी पळीवाढी तर कुणाची ताटात पळणारी. इथे उलट्या बाजूनं जायचं: कुकरला कच्ची डाळ किती लावली ते मोजा आणि जेवणाऱ्यांत वाटा. चार माणसांत १०० ग्रॅम तूरडाळ म्हणजे माणशी २५ ग्रॅम, त्यातून प्रथिनं साडेपाच ग्रॅमच्या आतच. ६५ किलोच्या पुरुषाची दिवसाची शिफारस ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईची साधारण ४६. आता कळेल की "आम्ही रोज डाळ खातो की" हे वाक्य आणि प्रथिनांची गरज यांत अंतर किती आहे. अर्थात भाकरीतूनही प्रथिनं येतात, आणि आपल्याकडे तर बरीच तिथूनच येतात. पोरं ते धरायला विसरतात.

तेल आणि मीठ वाटीत सापडत नाही. ते किराणाच्या यादीत शोधा. घरात महिन्याला तेल किती आणता? चार माणसांत चार किलो असेल तर भागाकार करा: रोज माणशी ३३ ग्रॅम. दोन हजार किलोकॅलरीच्या आहारासाठी पोषण संस्थेनं सुचवलेलं ताट बघितलं तर त्यात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. मीठ महिन्याला एक किलो संपत असेल तर रोज माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलं, जागतिक आरोग्य संघटना पाचच्या आत म्हणते. लोणचं, पापड, खरडा, बाहेरचं फरसाण यांचं मीठ अजून यात आलंच नाही. पेशंटच्या बायकोला "तेल किती वापरता" विचारलं तर ती "अगदी थोडं" म्हणते, आणि खोटं बोलत नसते. "पाच लिटरचा डबा किती दिवस जातो?" विचारा, आकडा मिळेल.

आपल्या भागाची एक खास जागा म्हणजे दाण्याचा कूट. भाजीत कूट, आमटीत कूट, चटणीत तर कूटच. शेंगदाण्यात जवळपास ४० टक्के चरबी आणि चांगली प्रथिनं. डाएट रिकॉलमध्ये, म्हणजे पेशंटला काल काय खाल्लं ते विचारून लिहिताना, 'वांग्याची भाजी, एक वाटी' लिहून कूट सोडला तर निम्मी भाजी लिहायची राहिली.

हे सगळं एका वहीत उतरवा. एका बाजूला घरचं माप, दुसऱ्या बाजूला ग्रॅम. नंतर मामाच्या गावाला गेलात की तिथलं मोजा. जतकडची बाजरीची भाकरी, शिराळ्याकडचा भात, दोन घरांतला चहाचा कप. डिग्री संपेपर्यंत ती वही एवढी होते की वॉर्डात कुणी 'दीड भाकरी आणि कोरड्यास' म्हटलं की डोक्यात आकडा आपोआप येतो. पुण्या-मुंबईच्या पुस्तकातलं 'दोन फुलके, एक कटोरी' इथं कुणी खात नाही.

"काल काय खाल्लं?" विचारायची रीत

चोवीस तासांचा रिकॉल हे आपलं मुख्य हत्यार. दिसायला सोपं, म्हणून वाईट वापरलं जातं. एक प्रसंग सांगते. तासगावकडचे एक आप्पा, साठीच्या पुढचे, साखर काही केल्या खाली येईना. इंटर्न पोरगी फॉर्म घेऊन बसली.

"आप्पा, नाश्त्याला काय घेता?"

"नाश्ता न्हाई करत आमी."

तिनं लिहिलं: नाश्ता – नाही. पुढे दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, झालं. कागदावर आप्पा बाराशे किलोकॅलरी खात होते. मी खुर्ची पुढं ओढली.

"आप्पा, काल पहाटं उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं?"

"च्या."

"साखरेचा?"

"न्हाई न्हाई, साखर डॉक्टरनी बंद केलीय. गुळाचा."

"संगं काय?"

"बटर असत्यात की. दोन."

"मग रानात कधी गेला?"

"आठला. धाच्या टायमाला भाकरी खाल्ली, वांगं हुतं. मग शेडवर गेलो, बेदाणा निवडायचं चाललंय. तितं काय, मूठभर तोंडात जातंयच."

एवढ्यात मागं बसलेल्या काकू बोलल्या, "आन रातच्याला टीव्हीपुढं भडंगाचं पातेलं कोण रिकामं करतंय?"

आप्पा हसले, पोरीनं खोडरबर काढला.

यातून घ्यायचं ते असं. जेवणाच्या नावानं विचारू नका, वेळेनं आणि जागेनं विचारा. उठल्यावर, रानात, बाजारात, झोपताना. रानातला माणूस दहाला भाकरी खातो त्याला तो नाश्ता म्हणत नाही, जेवणही म्हणत नाही. पहिल्या फेरीत नुसती यादी घ्या, मध्ये अडवू नका. दुसऱ्या फेरीत विसरलेल्या गोष्टी: चहा, बटर-खारी, सुपारी, उसाचा रस, कामावर वाटलेलं काही, नातवाच्या ताटातलं उरलेलं. आयांच्या बाबतीत हे शेवटचं हमखास निघतं. तिसऱ्या फेरीत माप, आणि माप तोंडी विचारायचं नाही. टेबलावर दोन वाट्या, एक पळी, दोन चमचे आणि एक कप ठेवायचा आणि "यातलं कुठलं?" म्हणायचं. बोट दाखवलं की खरं कळतं. शेवटी एकदा सगळं वाचून दाखवा. त्यात काहीतरी एक तरी भर पडतेच.

रिकॉल घेताना शिकवायचं नाही. "अरे बापरे, गूळ पण साखरच असते!" असं तोंडातून निघालं की पेशंट पुढचं लपवतो. चेहरासुद्धा हलवायचा नाही. गुळाचं बोलायचं ते नंतर, शांतपणे: गूळ म्हणजे बहुतांश तीच सुक्रोज, रक्तात साखर तशीच चढते. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला गूळ वाईट म्हणणं जिवावर येतं, मलाही येतं. पण मधुमेहात चहात गूळ चालतो हा समज आमच्या ओपीडीत रोज भेटतो.

आणि एका दिवसावर जाऊ नका. सोमवार उपासाचा असेल, बुधवारी किंवा रविवारी मटण असेल, गुरुवारी आठवडी बाजार आणि त्यासोबत भजी. तीन दिवस घ्या, त्यात एक सुट्टीचा किंवा उपासाचा.

हे सरावानंच येतं. पहिल्या वर्षापासून घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, हॉस्टेलच्या मैत्रिणींचे रिकॉल घ्या. आजोबांचा सगळ्यात आधी घ्या. स्वतःच्या आजोबांकडून बिडी आणि शेव काढता आली की परक्या माणसाकडून काहीही काढता येतं.

बायोकेमिस्ट्री

पाठ करून दमाल, म्हणून पाठ करू नका. पुस्तक इंग्रजीत असतं, आपली बरीच मुलं मराठी माध्यमातली. एक पान वाचायचं आणि ते आईला मराठीत सांगायचं. आईला कळलं तर तुम्हाला कळलं. परीक्षेत इंग्रजी शब्द लिहावे लागतात, ते वेगळे घोटून घ्या.

आणि प्रत्येक चक्र एखाद्या माणसाला नेऊन जोडा. ग्लायकोजन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, शिकताय ना, मग नवरात्र आठवा. यकृतात साठा साधारण १०० ग्रॅमचा. नऊ दिवस कडक उपास धरणाऱ्या बाईचा तो पहिल्या एका दिवसातच संपत येतो. मग शरीर प्रथिनांपासून आणि चरबीच्या ग्लिसरॉलपासून साखर बनवायला लागतं, कीटोन वाढतात. ती बाई जर इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असेल तर काय होईल? साखर एकदम खाली, देवळाच्या पायऱ्यांवर घाम फुटून चक्कर. दुसरी बाई तसा उपास करत नाही, पण तीन वेळा साबुदाणा खाते, जो जवळपास नुसता स्टार्च, तिची साखर वर. गोळी एकच असली तरी दोघींना सल्ला उलटा. नवरात्राच्या आधी गोळीचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यायला सांगणं हे डाएटिशियनचंच काम आहे. एवढं डोक्यात बसलं की ग्लुकोनिओजेनेसिसवरचा, म्हणजे शरीर स्वतः साखर कशी बनवतं त्यावरचा, प्रश्न सुटला म्हणून समजा.

संख्याशास्त्राला घाबरू नका, एम.एस्सी.च्या प्रबंधाला लागतं. सरासरी, मानक विचलन, काय-स्क्वेअर एवढं बी.एस्सी.लाच पक्कं करा. सूक्ष्मजीवशास्त्र मन लावून करा, कारण पुढे रुग्णालयाचं किचन तुमच्या नावावर असतं.

इंटर्नशिप

पहिल्या दिवशी सगळ्यांना पांढरा कोट घालून राउंडला जायचं असतं. मी किचनला पाठवते. सकाळी सहाला. पोहे, उपीट, दूध, ट्रॉली, कुठल्या डब्यावर कुठलं लेबल. फुल डाएट, सॉफ्ट, लिक्विड, डायबेटिक, कमी मिठाचं, रीनल म्हणजे किडनीच्या पेशंटचं. आचारी मावशींना 'दोन ग्रॅम सोडियम' सांगून उपयोग नाही. त्या पेशंटची भाजी मीठ न घालता वेगळी काढायची आणि त्याच्या ट्रेमध्ये मोजलेल्या मिठाची पुडी ठेवायची, असं सांगावं लागतं. मावशींशी नीट वागा. तुमचा डाएट चार्ट त्यांच्या हातातून जातो.

मग केसपेपर वाचायला शिका. वजन, उंची, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन). भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, पुस्तकातल्या परदेशी तक्त्यातले २५ आणि ३० लावू नका. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन). अल्ब्युमिन कमी दिसलं की 'प्रथिनं कमी खाल्ली' असं लगेच लिहू नका, संसर्ग आणि सूज असली तरी ते खाली येतं. सीनियर डॉक्टर यावर हमखास टोकतात.

किडनीचे पेशंट आपल्याकडे शिकायला खूप मिळतात. आणि आपला भाग द्राक्ष-बेदाण्याचा, डाळिंबाचा. डायलिसिसवरच्या माणसाला घरचा बेदाणा, शहाळं, टोमॅटोचं सार सगळं पोटॅशियमनं भरलेलं. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊनच येतो. तिथं नुसतं 'बंद करा' म्हणून चालत नाही. नातेवाइकांना भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं करून दाखवा. आणि त्याच पाण्यात आमटी करू नका म्हणून आवर्जून सांगा, कारण आपल्या बायका भाजीचं पाणी वाया घालवत नाहीत.

नळीच्या फीडची गाळणी, तापमान, वेळेचं वेळापत्रक, हे नर्सिंग स्टाफकडून शिका. सिस्टर लोकांना जेवढं माहीत असतं तेवढं पुस्तकात नसतं. जमलं तर पोषण पुनर्वसन केंद्रातही काही दिवस काढा. तीव्र कुपोषित बाळाला आधी १०० मिलिलिटरला ७५ किलोकॅलरीचं एफ-७५ नावाचं उपचाराचं दूध आणि स्थिर झाल्यावरच १०० किलोकॅलरीचं एफ-१०० का देतात, हे तिथं बाळ बघूनच कळतं. उपाशी बाळाला पहिल्याच दिवशी भरपूर खायला घालायची घाई जिवावर बेतू शकते. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत म्हणजे काय, ती पट्टी स्वतःच्या हातांनी बाळाच्या दंडाला गुंडाळल्याशिवाय कळत नाही.

एक सावधगिरी. इंटर्नशिपच्या काळातच वजन कमी करायच्या पावडरी विकणारे गाठतात. "मॅडम, फक्त नाव सुचवा, कमिशन तुमचं." माझ्या ओळखीची एक हुशार मुलगी त्यात गेली, आता तिच्याकडे डबे आहेत आणि पेशंट नाहीत. एकदा डबा विकला की पुढचा प्रत्येक सल्ला डब्यासाठी दिलाय असंच लोकांना वाटतं.

पैसे, परीक्षा, कागद

पहिल्या नोकरीचा पगार ऐकून घरचे गप्प होतात, हे आधीच सांगून ठेवते. नुसत्या बी.एस्सी.वर मोठ्या रुग्णालयात टिकणं अवघड, एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर डिप्लोमा धरूनच चला. शिकवायचं असेल तर नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, गृहविज्ञान विषयातून देता येते. सरकारी जागांच्या जाहिरातीत पात्रतेची ओळ शब्दन् शब्द वाचा. एकाच कामासाठी कुठं 'गृहविज्ञान' लिहिलेलं असतं तर कुठं 'न्यूट्रिशन आणि डायटेटिक्स', आणि डिग्रीवर वेगळं नाव असलं की टेबलावर अडवतात.

इंडियन डायटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा द्याच. पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातली इंटर्नशिप झाल्यावर ती देता येते, आणि आजही चांगल्या रुग्णालयात नावापुढे आर.डी. असलेल्या मुलीचा अर्ज वर ठेवतात. बसायच्या वर्षाची नियमावली काढून वाचा, मागच्या वर्षीच्या ताईच्या नोट्सवर विसंबू नका.

इंटर्नशिप संपायच्या दिवशी घाईत घरी पळू नका. सर्टिफिकेटवर रुजू झाल्याची आणि संपल्याची तारीख, कुठल्या विभागात किती दिवस, देखरेख करणाऱ्या डाएटिशियनचं नाव आणि तिचा आर.डी. नंबर असेल तर तो, सही आणि रुग्णालयाचा गोल शिक्का, एवढं आहे का ते तिथंच उभं राहून तपासा. नुसतं 'इंटर्नशिप समाधानकारक' असं लिहिलेला कागद पुढे कुणी धरत नाही, आणि सही करणारी मॅडम तोवर दुसऱ्या गावाला नोकरीला गेलेली असते.